डावी बाही

खोलीत पुतळे सात होते. शिवणयंत्रं दोन, कात्र्या चार, इस्त्री एक, आणि टाचण्यांच्या उशीत सत्तेचाळीस टाचण्या. सहा पुतळे भिंतीला टेकून ओळीने उभे होते, बिनडोक्याचे, बिनहातांचे. सातवा खिडकीपाशी होता. त्याच्या अंगावर राखाडी लोकरीचा कोट होता आणि त्या कोटाला डावी बाही नव्हती.

मुलीने हे सगळं दारातूनच मोजलं. एका प्रयोगशाळेत ती पाण्याचे नमुने तपासायची आणि आधी काय काय आहे ते बघून मग कामाला हात घालायचा, ही तिथली सवय. पण आज मोजण्यामागचं कारण वेगळं होतं. आत पाऊल टाकायला तिचा जीव होत नव्हता. सातवा पुतळा तिला पाठमोरा होता, आणि ती पाठ तिची होती.

स्वतःची पाठ कोण बघतं? आरशापुढे मान वळवून थोडीफार दिसते, तीही धड नाही. इथे ती सरळ समोर उभी होती. उजवा खांदा वर, डावा खाली, कंबर एका बाजूला सरकलेली, बसची वाट बघून कंटाळलेल्या माणसासारखी. तेराव्या वर्षी तिचा कणा वळायला लागला. तेव्हापासून जे तिने सैल कपड्यांत, मोकळ्या केसांत आणि डाव्या खांद्याखाली शिवलेल्या फोमच्या तुकड्यात दडवलं होतं, ते कुणीतरी कापूस आणि कापड घेऊन भर उजेडात मांडून ठेवलं होतं.

तरीच सकाळी खालचा किल्लीवाला तसं बोलला.

"ताई, आज खाली कशा काय?"

"आत्ताच उतरतेय बसमधून."

"गरिबाची चेष्टा करता होय! रोज तर बघतो तुम्हाला वर खिडकीत. आमची ही म्हणतेसुद्धा, शिंपीणबाईंची पोर भारी घरकोंबडी, कधी म्हणून जिना उतरत नाही."

ती कसनुसं हसली होती आणि जिना चढली होती. घर सोडून तिला नऊ वर्षं झाली होती. आता तिला दिसलं, की खिडकीचा पडदा वरून अर्ध्यापर्यंत ओढलेला आहे. खालून बघणाऱ्याला मानेपर्यंतचं माणूस दिसणार. डोकं नाही, हे कळायला जागाच नव्हती.

तिने आत पाऊल टाकलं. फळ्यांची जमीन दबली आणि पुतळा एवढासा हलला, श्वास घेतल्यासारखा.

"बाबा, हे इथे कधीपासून आहे?" तिने आवाज दिला.

बाबा शेजारच्या खोलीत बॅगेपाशी बसले होते. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, आता गुडघे गेलेले. मुलीने सकाळी त्यांचे सदरे घडी करून बॅगेत भरले होते आणि बाबा त्यातला एकेक काढून परत खुंटीला लावत होते.

"कोण, ती? ती इथेच असते," ते म्हणाले.

"ती?"

"मग काय! तुझ्यावरूनच बेतलीय. आणि तुझ्यापेक्षा गुणी आहे, उलटून बोलत नाही."

"बाबा, सदरा आत ठेवा. संध्याकाळी टेम्पो येईल. पुतळे गेले की आपणही निघायचंय."

पुतळे आईच्या हाताखाली शिकलेल्या एका बाईच्या दुकानात जायचे होते. घर महिनाअखेर रिकामं करून द्यायचं होतं. बाबांना न्यायला मुलगी याआधी दोनदा येऊन, या खोलीत पाऊलही न टाकता, हात हलवत परत गेली होती. मधल्या काळात बाबा जिन्यात घसरले आणि पायरीवर तसेच बसून राहिले. किल्लीवाल्याने पाहिलं म्हणून निभावलं. या खेपेला त्यांना घेतल्याशिवाय जायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"सहा जातील," बाबा म्हणाले.

"सात ठरलेत, बाबा."

"कोट झाल्याशिवाय ती जाणार नाही. आणि ती गेल्याशिवाय मी हलणार नाही. तुझ्या आईचं सांगणं आहे."

"आई गेली, बाबा."

"म्हणून काय सांगणं जातं?"

बाबांनी एकदा भिंत ओळंब्यात धरली की ती कुणाच्या बापाच्याने हलायची नाही, आणि त्यांच्या हनुवटीचंही तसंच होतं. मुलीने केस वर बांधले. कापून ठेवलेली बाही मेजावरच होती, अस्तरासकट. लहानपणी याच मेजाखाली तिचा अभ्यास व्हायचा आणि वरून चिंध्या डोक्यावर पडायच्या. शिवण तिला येत होती. नुसती सोडून दिली होती.

तिने उजव्या बाहीवरून डावीचा बेत धरला, मुंढ्याला, बाही जोडतात त्या कडेला, टाचण्या लावल्या, कच्चे टाके घातले आणि दोन पावलं मागे सरली. बाही पिळलेली होती. कोपरापाशी अशी आत वळली होती, जणू पुतळ्याने हात पाठीमागे लपवलाय.

"उसव," बाबा दारातून म्हणाले.

शब्द बाबांचा होता, पण सूर हुबेहूब आईचा. आई असाच एक शब्द टाकायची, मान वर न करता. गिऱ्हाईक कपडा घालून, खूश होऊन, आरशापुढे गोल फिरत असलं तरी आई मेजावरून म्हणायची, "काढा. मागे एक टाका ओढतोय. उसवते." आणि मुलगी रडकुंडीला आली की, "उसवताना रडायचं नाही गं. दोरा ओला झाला की निघत नाही."

तिने उसवलं.

तेराव्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमासाठी तिला जाकीट हवं होतं. ती आईला म्हणाली होती, "डाव्या खांद्यात पॅड घाल. कुणाला कळायला नको."

"नाही घालणार."

"सगळ्यांच्या खांद्यांत भरतेस, मग माझ्याच का नाही?"

"ते पैसे देऊन खोटं मागतात, मी देते. तू पोटची आहेस, तुला खरंच मिळणार." आईने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. "चूक काढायची तर कापडात काढायची, पोरी. अंगात नाही. खांदा खाली आहे ना? मग बाही खाली लावू. त्यात काय एवढं?"

पण तेराव्या वर्षी त्यात सगळंच असतं. जाकीट अंगात असं बसलं, की त्याखाली काय आहे ते स्पष्ट दिसलं. वर्गात कुणीतरी तिला 'तराजू' म्हणालं आणि नाव चिकटलं. त्या दिवसापासून तिने आईला अंगाला टेप लावू दिला नाही. आईने टेप उचलला की ही चपला घालायची. पुढे नोकरी लागली, ती गावच सोडून गेली आणि तयार कपडे विकत घेऊ लागली.

याहूनही एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली होती आणि ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. ती घरी आली की आई दारात यायची, दोन्ही तळहात तिच्या खांद्यांवर ठेवायची, क्षणभर थांबायची. मग हात उचलायची आणि एक शब्द न बोलता वळून कामाच्या खोलीत निघून जायची. हात तसेच हवेत, काहीतरी लागलंय आणि धुवायचंय असे. दार बंद व्हायचं. प्रवास कसा झाला, जेवलीस का, काही नाही. नऊ वर्षं मुलीने त्या हवेतल्या हातांचा एकच अर्थ लावला होता. स्वप्नातही तिला आईचा चेहरा दिसत नसे. पाठ फिरवून चाललेली आई आणि ते दोन हात दिसत.

दुसऱ्यांदा बाही लावली, तर खांद्याच्या टोकाला चुण्या पडल्या.

"उसव."

"कळतंय मला!"

"मग तोंड काय बघतेस?"

आतापर्यंत ती पुतळ्याला हात न लावता काम करत होती, विस्तवाजवळ काम करावं तशी. तिसऱ्यांदा तिने कोट उतरवला. मुंढा कुठे पडतो ते बोटांनी बघायलाच हवं होतं. तिने डोळे मिटून दोन्ही तळहात पुतळ्याच्या खांद्यांवर ठेवले.

उजव्या खांद्यावर कापडाखाली काहीतरी थराथराने होतं. तिने वरचं आवरण कडेने उसवलं. फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या एकावर एक शिवलेल्या होत्या. खालच्या पिवळट, वरच्या अजून पांढऱ्या. काही जाड, काही अगदी पातळ. प्रत्येकीचा दोरा वेगळा, म्हणजे प्रत्येक वेगळ्या दिवशी शिवलेली.

"बाबा, या पट्ट्या कसल्या?"

"मोज की. तुला मोजायला आवडतं."

"नऊ आहेत."

"आणि नोकरीला लागल्यापासून, आई होती तोवर, तू घरी आलीस किती वेळा?"

तिने मनात हिशेब केला. "अकरा."

"दोनदा तू तिला जवळ येऊ दिलं नाहीस. एकदा पिशवी मध्ये धरलीस, एकदा म्हणालीस सर्दी झालीय."

ती खाली बसली. बाबा भिंतीला धरत धरत आत आले आणि यंत्रापुढच्या स्टुलावर टेकले.

"दार मी उघडून द्यायचो," ते म्हणाले. "तिचे हात अडकलेले असायचे ना. तसेच धरून सरळ इथे यायची आणि हिच्या खांद्यांवर टेकवायची. मग जेवढा फरक भरेल तेवढी पट्टी. हात खाली केले की माप गेलं. एकदा वाटेत फोन वाजला, तर मला म्हणते, कानाला लावा. अशी उभी होती फोनवर, कुणी बंदूक रोखल्यासारखी."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? टेप काढला की तू पळायचीस. तळहातांना तरी तू थांबायचीस, घटकाभर."

बाबा पुतळ्याकडे बघत होते.

"शेवटच्या खेपेला तर तिला उठताही येत नव्हतं. ती तुला म्हणाली, कोट काढ. तू म्हणालीस, थंडी आहे."

ते तिला आठवत होतं. आईचे बर्फासारखे हात कॉलरमधून आत शिरले होते. फोमच्या तुकड्यापाशी एक बोट थांबलं होतं, मग त्याच्या खाली गेलं होतं. आणि मुलीने घड्याळ बघितलं होतं. बस होती.

"तू गेलीस. तुझ्या आईचे हात तसेच हवेत. म्हटलं, तुला उचलून तिकडे नेऊ, की हिला इकडे आणू? हिलाच पलंगापाशी आणलं. माझे गुडघे हे असे, वेळ लागला. हात थरथरायला लागले तिचे. म्हटलं, घे खाली, पोर परत येईल तेव्हा बघू. तर म्हणाली, खाली घेतले तर तिला परत बोलवावं लागेल, आणि ती येणार नाही."

खिडकीतला पडदा हलला. खाली किल्लीवाल्याच्या यंत्राचा आवाज येत होता, धातू घासल्याचा.

"नववी पट्टी तेव्हाची," बाबा म्हणाले. "मग पलंगावर बसूनच कोट बेतला, जमेल तेवढा शिवला. डावी बाही कापली आणि मला म्हणाली, राहिलं तर खारूला करू द्या, तिला येतं. आणि कोट झाला की हिला नुसतं जाऊ देऊ नका. आधी खारूच्या अंगावर मोजून बघा, माझं बरोबर होतं की नाही. तेवढं मला कळायला हवं."

खारू म्हणजे तीच. या नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलं होतं.

"दोन खेपा झाल्या माझ्या. तुम्ही मोजायचं कधी बोलला नाहीत, बाबा."

"तुला हात लावायची माझी काय टाप?"

तिने आवरण पुन्हा शिवून टाकलं आणि कोट पुतळ्याच्या अंगावर चढवला. उजव्या बाहीकडे या वेळी पाहिलंच नाही. मुंढा जिथे होता तिथे, खाली, बाही धरली. टाचण्या लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. टाके ओढल्यासारखे वाटले तेव्हा बाबांनी काही म्हणायच्या आत स्वतःच उसवले. चौथ्यांदा घातले. मग हात काढून घेतला.

बाही सरळ खाली आली. चुणी नव्हती, पीळ नव्हता.

"आई असती तर काय म्हणाली असती?" तिने विचारलं.

"मागून बघू, म्हणाली असती." बाबांनी पुतळा फिरवला, मागून बघितला आणि परत फिरवला.

तिने बारीक टाक्यांनी बाही पक्की केली, अस्तर मिटवलं, दोरा दाताने तोडला. तोवर ऊन समोरच्या घरांच्या वरच्या मजल्यांवर गेलं होतं. कोट उतरवून तिने मेजावर ठेवला.

"बाबा, तुमची पाण्याची नळी आहे का अजून?"

पलंगाखालच्या हत्यारांच्या पेटीत नळी होती. पारदर्शक, दोन-तीन हात लांब, भिंती आणि फरशा एका पातळीत आणायला गवंडी वापरतात ती. मुलीने तीत पाणी भरलं, बुडबुडे काढले. आधी पुतळा. एका टोकातलं पाणी उजव्या खांद्याच्या बरोबरीने धरलं, दुसरं टोक डावीकडे, आणि तिथल्या पाण्यापासून खांद्यापर्यंत मोजपट्टी लावली. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा सव्वीस मिलिमीटर.

मग तिने अंगातलं जाड जाकीट काढलं. फोमचा तुकडा आत शिवलेला होता. जाकीट खुर्चीवर टाकलं तेव्हा त्याचा डावा खांदा तेवढा उभा राहिला. पातळ सदऱ्यात ती पुतळ्याशेजारी जाऊन उभी राहिली. तोंड खिडकीकडे, रस्त्याकडे. खालून किल्लीवाल्याने वर बघितलं आणि त्याचं यंत्र थांबलं.

"मोजा," ती म्हणाली.

बाबा मागे आले. त्यांनी नळी उचलली आणि थांबले.

"माझे हात थंड आहेत."

"असू द्या."

खरबरीत बोटं आधी उजव्या खांद्याच्या हाडावर टेकली, मग डाव्या. पाणी नळीत हललं, मागेपुढे झालं, हळूहळू स्थिर झालं.

"सव्वीस," बाबा म्हणाले.

"परत."

"सत्तावीस."

"परत."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. दोघांपैकी कुणी हललं नाही.

"सव्वीस."