भिंतीवरची काचपट्टी

रस्त्याखाली भुयारी रेल्वेचं स्टेशन खणायला घेतलं, त्याला चौदा महिने झाले होते. धुळीनं आणि यंत्रांच्या घरघराटानं सगळ्या गल्लीच्या नाकी नऊ आणले होते. रस्त्याच्या मधोमध पत्र्याचं कुंपण, आत चार मजले खोल खड्डा, आणि माणसांना चालायला दुकानांच्या पायऱ्यांलगत हातभर वाट.

त्या वाटेवर वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या एका बाइंडरचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या भिंतीला पूर्वीपासूनच एक बारीक तडा होता. खणकाम सुरू होण्याआधी कंपनीच्या माणसांनी त्यावर काचेची एक छोटी पट्टी आडवी चिकटवली आणि तिच्यावर तारीख कोरली. "भिंत हलली तर काच तडकेल. तडकली की लगेच कळवा," एवढं सांगून ते गेले. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी एक मोजणीवाली मुलगी येई, पट्टी बघे आणि वहीत टिपून जाई.

एका बुधवारी बाइंडरनं दुकान उघडलं आणि बघतो तर काय! पट्टीचे दोन तुकडे!

पलीकडच्या एका इमारतीत अशीच पट्टी फुटली, तेव्हा तिथल्या माणसांना महिनाभर बाहेर राहावं लागलं होतं. इथे शाळांच्या हजेरीपटांची थप्पी छताला टेकली होती आणि ती दहा दिवसांत द्यायची होती. वर तीन बिऱ्हाडं. 'त्यांनाही उगाच कशाला घोर,' अशी स्वतःची समजूत घालत त्यानं तुकडे खरवडून काढले, जुन्या फोटोफ्रेमची काच त्याच मापाची कापली आणि दिली चिकटवून.

गुरुवारी मुलगी आली. घाईत होती. पट्टीवर एक नजर टाकून तिनं 'ठीक' लिहिलं आणि गेली.

त्याच दुपारी बाइंडरची थोरली बहीण खाली आली. ती वरच्याच मजल्यावर राहायची. छत्तीस वर्षं रुग्णालयात नर्स होती आणि अख्खी इमारत तिला ताई म्हणायची. भावाला पुठ्ठे लावू लागता लागता तिची नजर भिंतीकडे गेली.

"काय रे, या काचेवर तारीख होती ना?"

"पुसली असेल."

"कोरलेली तारीख पुसते होय? मला शिकवतोस?"

मग त्यानं खरं ते सांगून टाकलं आणि वर तोच चिडला. "चौदा महिने धूळ खाल्ली आम्ही. आता घराबाहेरही आम्हीच व्हायचं? केसाएवढा तडा आहे ताई. चार दिवस गप्प बसलो तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही, भिंत," ताई म्हणाली. "माझ्या वॉर्डात एक बाई होती. तिला घरी जायची घाई. थर्मामीटर लावला की आमची पाठ वळताच काढून पंख्यापुढे धरायची. कागदावर ताप नाही, म्हणून डॉक्टरांनी सोडलं. आठव्या दिवशी स्ट्रेचरवरून परत आली. ताप लपवला म्हणून उतरत नाही रे, उपचार तेवढा लांबतो."

"वाचली का?"

"नाही."

बाइंडरच्या हातातली सुई थांबली.

"आणि ती निदान स्वतःचाच ताप लपवत होती," ताई म्हणाली. "तू वरच्या अकरा माणसांचा लपवतोयस. खाली खड्ड्यात उतरणाऱ्यांनी तर तुझं काय वाकडं केलंय?"

तो चपला घालून कुंपणाच्या फाटकापाशी गेला. फटीतून खाली पाहिलं. त्याच्याच इमारतीच्या बाजूला, मातीच्या भिंतीला पाठ टेकून मजूर जेवत बसले होते. त्यातल्या एकाला उचकी लागली होती आणि बाकीचे हसत होते. बाइंडर तडक फाटकाशेजारच्या मोजणीवालीच्या खोलीत शिरला.

"ती पट्टी मी बदललीय. खरी फुटली होती. काल."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि मी तारीख न बघताच 'ठीक' लिहिलं," ती पुटपुटली. दुसऱ्याच क्षणी वॉकीटॉकीवर ओरडली, "काम थांबवा! सगळे वर या!"

संध्याकाळपर्यंत इमारत रिकामी झाली. तपासणीत कळलं, की एक जुनी पाण्याची नळी कधीपासून गळत होती आणि पायाखालची माती वाहून खोलीएवढी पोकळी झाली होती. आणखी आठवडाभर खणलं असतं तर काय झालं असतं, ते अभियंत्यानं सांगितलं नाही. नुसती मान हलवली.

पाच आठवडे सगळे बाहेर राहिले. बाइंडरचे निम्मे हजेरीपट दुसऱ्या दुकानात गेले. दुसऱ्या मजल्यावरचे काका तर त्याच्याशी बोलेनात. एकदाच म्हणाले, "एकच रात्र लपवलंस, कबूल. पण त्या रात्री माझी नात वर झोपली होती."

पुढे गल्लीची सभा भरली. लोक कंपनीवर तोंडसुख घेत होते. बाइंडर उभा राहिला आणि त्यानं आपली चूक, फोटोफ्रेमच्या काचेसकट, सगळ्यांसमोर सांगितली. मग औषधांचा दुकानदार चाचरत उठला.

"माझ्याकडे कोपऱ्यातली फरशी खचलीय. तीन आठवडे झाले. मी वर चटई टाकली."

"आमचं मागचं दार लागत नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "मी सुताराकडून रंधा मारून घेतला."

त्या संध्याकाळी मोजणीवालीच्या वहीत सात नव्या नोंदी झाल्या. या वेळी प्रत्येक ठिकाणी ती स्वतः वाकून, हात लावून बघून आली.

नागरिकहो, काम करणाऱ्यांनी आपल्याला खरं सांगावं ही मागणी रास्तच आहे. पण आपल्या भिंतीचं खरं आपणच सांगायला हवं! सांगितल्यानं नुकसान होत नाही, ते आधीच झालेलं असतं. लपवलं की मात्र ते शेजाऱ्याच्या घरात शिरतं.