मेविस क्रॉसलीच्या चिप्स

मुलांनो, अशी कल्पना करा की शुक्रवारची संध्याकाळ आहे आणि तुम्ही कुडकुडत एका छोट्या दुकानात शिरला आहात. आत उकळत्या चरबीची मोठी कढई, आणि तिच्यामागे पांढऱ्या टोपीतली एक जाडजूड बाई. बोटाएवढ्या जाड कापलेल्या बटाट्याच्या फोडी ती झाऱ्यानं वर काढते, निथळवते, कागदावर ओतते आणि मान वर न करताच विचारते:

"मीठ, व्हिनेगर?"

"दोन्ही. हात आखडू नकोस," तिचं जुनं गिऱ्हाईक आर्नल्ड म्हणाला.

"उघड्या देऊ की गुंडाळून?"

"गुंडाळून दे. घरी जाऊन खातो."

"अरे वा! पूर्वी दारातच निम्म्या संपवायचास. बायकोच्या हाती रिकामा कागद द्यायचास."

"वय झालं आता, मेविस."

"गेल्या शुक्रवारी कशा झाल्या होत्या?"

"सुरेख," आर्नल्ड भिंतीवरच्या फरशांकडे बघत म्हणाला. "एकदम सुरेख."

इंग्लंडमधल्या या मेक्सबरो गावची माणसं तशी तोंडाळ. फुटबॉलच्या पंचाला ती त्याच्या आईसकट बोलतील. पण एखाद्या बाईनं रांधलेलं तिच्या तोंडावर नावाजायचं सोडून दुसरं काही बोलायचं, हे त्यांच्यात बसत नाही. ती 'सुरेख' म्हणतात आणि हळूच येईनाशी होतात.

मेविसची रांग अशीच आटली होती. कधीकाळी ती प्रार्थनाघराच्या कोपऱ्यापर्यंत जायची. आज आर्नल्डच्या मागे कुणीच नव्हतं. कोपऱ्यातल्या स्टुलावर फक्त तिची नात, जोडी नावाची, पाय हलवत बसली होती. जोडीची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यातून सुटेपर्यंत ती रोज इथेच असे.

"यंदाचा बटाटाच नासका," मेविस म्हणाली. "गोड झालाय मेला. चवच नाही कशाला."

आजीनं दिलेल्या चिप्स जोडी एकेक करून संपवत होती.

नवरा केन गेल्यापासून हे दुकान मेविसच चालवत होती. दुकान म्हणजेच तिचं घर, तिच्या ओळखी, तिचा सगळा दिवस. जानेवारीत तिला मोठा ताप आला होता. त्यातून उठल्यावर तिला बटाटे बेचव लागू लागले. तिनं वाण बदलून पाहिलं. मग व्यापारी बदलला. मग दुसऱ्या व्यापाऱ्याशी भांडून तिसरा केला. तरी चव येईना आणि गिऱ्हाईक टिकेना. शेवटी एका सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, तिनं जोडीला बसमध्ये घातलं आणि समुद्रकाठचं ब्रिडलिंग्टन गाठलं.

तिथल्या धक्क्यावर एक चिप्सचं दुकान होतं. लग्नानंतर केननं तिला पहिल्यांदा तिथेच नेलं होतं. तेव्हापासून मेविस मनातल्या मनात त्या दुकानाशी स्पर्धा करत आली होती. समुद्रावरच्या चिप्सची सर आपल्या गावाला नाही, असं कुणी म्हटलं की ती फणकारायची, "माझ्याही चिप्स वाऱ्यात भिंतीवर बसून, भुकेल्या पोटी खा. मग बोल." पण आज तिला भांडायचं नव्हतं. त्यांचा बटाटा कुठला आहे तेवढं कळलं की झालं, असं तिला वाटत होतं.

"काय देऊ, राणीसाहेब?" दुकानातला टकल्या माणूस म्हणाला.

"चिप्सचे दोन पुडे, उघडे. आणि बटाटा कुणाकडून घेतोस, ते सांग."

"हेर दिसताय!" तो हसला. "सेल्बीचा पिकर्सगिल. बाप गेला तेव्हापासून त्याच्याकडूनच घेतो."

मेविस दचकली. तिचा तिसरा व्यापारी पिकर्सगिलच होता.

दोघी भिंतीवर बसल्या. मेविसनं एक फोड तोंडात टाकली, सावकाश चावली, मग दुसरी चावली. गरम आणि मऊ, एवढंच कळलं. तिला उगाच हलकं वाटलं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "यांच्याही गेल्या. आख्ख्या इंग्लंडचा बटाटा गेलाय बाई. माझा एकटीचा नाही."

तिनं वळून पाहिलं. जोडीचे डोळे मिटलेले होते. ओठ तुपकट झाले होते, नाकावर मीठ होतं, आणि पहिली फोड गिळायच्या आत तिचा हात दुसरीकडे जात होता. मेविस तिच्याकडे बघत राहिली. असं खाणारी माणसं तिनं आयुष्यभर कढईमागून पाहिली होती.

"कशा आहेत गं?"

जोडीनं चटकन हात आवरला. "बऱ्या आहेत."

"खरं सांग."

"...खूप छान आहेत, आजी."

"आणि माझ्या?"

जोडी समुद्राकडे बघू लागली.

"जोडी. मी रागावणार नाही."

"रंगाचा वास येतो," जोडी पुटपुटली. "दाराला रंग देतात ना, तसला. चरबीला येतो. खूप दिवस झाले."

"मग कुणी बोललं का नाही?"

"आई म्हणाली, सांगू नकोस, आजीला लागेल. सगळे कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकतात. आर्नल्डकाकासुद्धा."

"तू?"

"मी सगळ्या खाते."

मेविसनं दुकानातली व्हिनेगरची बाटली मागून आणली, बूच काढलं आणि नाकाला लावली. मग दीर्घ श्वास घेतला. एरवी डोळ्यांत पाणी आलं असतं. आता नुसती थंड हवा आत गेली. डॉक्टर वसंतात म्हणाले होते, तापानं गेलेली वासाची जाणीव कधी परत येते, कधी येत नाही. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. पूर्वी कढईतली चरबी खराब झाली की तिला ते दारातूनच वासावरून कळायचं. कॅलेंडर बघून चरबी बदलणाऱ्यांना ती हसायची.

"तुझ्या संपव," ती जोडीला म्हणाली. "थंड होतील."

शुक्रवारी मेविसनं कढई रिकामी केली, खरवडून घासली आणि चरबीच्या नव्या पांढऱ्या वड्या वितळवल्या. जोडीला स्टुलावर उभं केलं.

"कसला वास?"

"बिस्किटासारखा. चांगला."

पहिला घाणा निघाला. जोडीनं फुंकर मारून एक फोड खाल्ली.

"ब्रिडलिंग्टनसारख्या?"

"त्याहून छान!"

मेविसनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. पोर खरं बोलतेय की आजीला जपतेय, हे कळायला आता तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

तिनं दार उघडलं. कुणी आलं नाही. आर्नल्ड पलीकडच्या बाजूनं गेला. त्यानं हात वर केला आणि हवा बरी आहे असं ओरडला. चिप्स काचेखाली मऊ पडू लागल्या.

तेव्हा जोडीनं एक पुडा उचलला आणि उघडाच हातात धरून रस्त्यावर गेली. मेविस दारात आली. तिच्या कानावर सगळं पडत होतं.

"आजीनं चरबी बदललीये. एक खाऊन बघा ना."

"अगं, किती गोड पोर!" शेजारच्या थॅकरेबाईंनी एक फोड घेतली. "सुरेख आहे हो! येते बरं का थोड्या वेळानं."

पुढच्या दारातल्या म्हाताऱ्यानंही एक घेतली. "सुरेख! सांग आजीला." त्यापुढच्या घरानंही तेच सांगितलं. दारं हळूच, अगदी अदबीनं लागत होती. रस्त्यावर कुणी उतरलं नाही. पुड्यातून निघणारी वाफ केव्हाच थांबली होती.

"जोडी," मेविसनं हाक मारली, "पुरे गं राजा. आत ये."

जोडीनं मागे वळून आजीकडे पाहिलं. मग पुडा छातीशी धरला, पुढच्या घराची पायरी चढली, कडी वाजवली आणि आतून पावलं येतात का ते ऐकत उभी राहिली.