समासातलं ‘सं.’

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वकीलबाईने आपले चार निबंध मॅडमच्या टेबलावर आपटले. ‘वकीलबाई’ हे वर्गाने ठेवलेलं नाव. मुकाट ऐकून घेणं त्या मुलीच्या रक्तातच नव्हतं. अंतिम परीक्षेला बसता न येणाऱ्यांची यादी पाचला कार्यालयात जायची होती आणि त्या यादीत एकच नाव होतं. तिचं.

“आवाज खाली,” मॅडम म्हणाल्या. “चार निबंध, चारही नापास. वर्षभर कानीकपाळी ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी!”

“काय ओरडलात, तेच विचारायला आलेय.”

“समासात बघ. परिच्छेदागणिक लिहिलंय.”

समासात लाल शाईने एकच अक्षर होतं: सं. पहिल्या निबंधात सहा ठिकाणी, चौथ्यात अकरा.

“हेच ना? संमत,” मुलगी म्हणाली. “मला वाटलं, जमतंय. म्हणून पुढच्या वेळी तसंच जास्त लिहिलं.”

मॅडमच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“संमत? आणि गुण दिसले नाहीत?”

“गुण तुम्ही परवा लावलेत. चारही निबंधांचे एकदम.”

“मग आधी विचारायला तोंड नव्हतं?”

“विचारलं होतं. म्हणालात, डोळे उघडे ठेवून वाच.”

म्हटलं असणार. त्या सगळ्यांनाच तसं म्हणत.

“संदर्भ गं, संदर्भ! नुसतं ठोकून द्यायचं नाही, आधार द्यायचा. शेंबड्या पोरालाही कळेल.”

“मग इथे?”

मुलीने तिसऱ्या निबंधावर बोट ठेवलं. तिथे पुस्तकातलं वाक्य पान क्रमांकासकट उतरवलेलं होतं. शेजारी सं.

“तिथे... संबंध. त्या वाक्याचा तुझ्या मुद्द्याशी संबंध काय, ते कुठे लिहिलंयस?”

“आणि इथे?”

मॅडमनी कागद जवळ ओढला. परिच्छेद दोनदा वाचला. संदिग्ध? संक्षेप कर? अक्षर त्यांचंच होतं, घाईतलं. काही केल्या आठवेना.

“मॅडम, यादी?” शिपाईमामा दारातून डोकावले.

“दिसत नाही का काम चाललंय? थांबा बाहेर!”

मामा दोन पावलं मागे सरकले.

“त्यांच्यावर कशाला?” मुलगी म्हणाली. “वर्ष माझं जातंय.”

“पुरे झाली वकिली! खुर्ची ओढ.”

ती बसली नाही. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, पहिल्या निबंधातलं पहिलं सं. खोडलं आणि तिथे लिहिलं, ‘हे तुला कशावरून वाटलं? मूळ लेखातली एक ओळ दाखव.’ पेन इतकं दाबलं होतं, की कागद फाटला. मग दुसरं खोडलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी मॅडम दुसऱ्या निबंधाच्या तिसऱ्या पानावर होत्या. मुलगी टेबलाला टेकून वाचत होती. यादीवर सही झालेली नव्हती. वर्गातल्या उरलेल्या एकतीस जणांनी सं.चा काय अर्थ लावला होता, हे तोवर कोणी विचारलेलं नव्हतं.