फळीपलीकडची पोरगी

"पह्यले बसा, बाई. मग पाय आत घ्या. डोकं सगळ्यात शेवटी," आबिदाबी म्हणाली. "रेल्वेच्या बर्थवर चढले असान ना कधी? तसंच."

कांता रेल्वेत कधी बसली नव्हती. तिने पिशवी आत सरकवली, फळीवर टेकली, पाय ओढून घेतले आणि मान वाकवून आत गेली. आबिदाबीने सरकतं दार बाहेरून लावून दाखवलं.

"आतून कडी हाये. तुमी लावली का मग कोनी खोलू शकत नाई. मी बी नाई."

कांताने कडी लावली. मग काढली. मग पुन्हा लावली. चाळीस वर्षांच्या आयुष्यात आतून लावायची कडी तिच्या एकटीच्या हातात कधी आली नव्हती.

चंद्रपूरच्या गोल बाजारामागच्या या लॉजमध्ये खोल्या नव्हत्याच. नूर मोहम्मद मिस्त्रीने एका लांबट हॉलमध्ये सागाच्या फळ्यांचे खण बांधले होते, एकावर एक, रेल्वेच्या डब्यासारखे. पुरुषांचे पुढे चौदा, बायकांचे मागे सहा. बायकांची बाजू त्याची बायको आबिदाबी सांभाळायची. खण सहा फूट लांब, तीन फूट रुंद. आत बसता येई, उभं राहता येत नसे. एक बल्ब, पिशवी अडकवायला एक खिळा आणि हवेसाठी खिडकीकडच्या फळीत वर भोकांची एक रांग. कोर्टाच्या तारखेला आलेल्या, दवाखान्यात कोणी भरती असलेल्या, परीक्षेला आलेल्या बायका इथे उतरत.

कांता परीक्षेला आली होती. पोंभुर्ण्याच्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची, दोन वेळचा, साठ मुलींचा. शाळा आठवीनंतर सुटली, लग्न झालं, आणि आता १९८६ साली, बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून, ती दहावीला बसत होती. नवरा गुलाब एसटीपर्यंत सोडायला आला होता. का बसतेस, असं त्याने विचारलं नाही. त्याला माहीत होतं आणि त्याबद्दल बोलणं त्याला जमणारं नव्हतं. "पानी उकळून पेत जाजो," एवढंच तो म्हणाला.

पेपर दुसऱ्या दिवसापासून होते. कांताने मराठीचं पुस्तक उघडलं, पण प्रवासाचा शीण होता. भोकांतून उन्हाचे बारीक ठिपके आत येऊन तिच्या पोटावर, हातांवर पडले होते. सागाचा वास येत होता. बाजाराचा गलका फळ्यांमधून गाळून आल्यासारखा मऊ होऊन आत पोचत होता. आपण एखाद्या झाडाच्या आत निजलो आहोत आणि बाहेर कुठेतरी जत्रा भरली आहे, असं तिला वाटत राहिलं. डोळे मिटत आले. तेवढ्यात फळीपलीकडून आवाज आला.

"कोन आलं व बाजूले?"

"मी," कांता झोपेतच म्हणाली.

"मी म्हंजे कोन? आवाज तं पोरीवानी हाये. परीक्षेले आली का?"

"हो."

"कोनत्या?"

"दहावीच्या."

"नाव काय तुयं, माय?"

"सत्यशीला."

नाव तोंडून गेलं आणि कांता ताडकन उठून बसली. डोकं वरच्या फळीवर आपटलं. पलीकडची बाई हसली. "सांभाळून व पोरी. मी बी चारदा आपटली. सत्यशीला! नाव मोठं चांगलं हाये तुयं."

सत्यशीला कांताची मुलगी. दोन वर्षांपूर्वी, दहावीत असताना, दिवाळीनंतर ती गेली. रक्तातच आजार होता, असं डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. कांताच्या पिशवीत होती ती सगळी पुस्तकं तिची. घरात तिचं नाव कोणी घेत नसे. सासू रडायला लागायची, गुलाब उठून बाहेर जायचा, म्हणून मग कोणीच घेत नसे. आणि आज ते नाव एका अनोळखी बाईने हाक मारावी तसं घेतलं होतं. नाही, मी ती नाही, माझं नाव कांता, असं सांगायला कांताने तोंड उघडलं. मग मिटलं.

पलीकडची बाई, शकुबाई, जिवतीच्या पहाडावरची. डोळ्यांच्या शिबिरात तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. शिबिरात जागा कमी, आणि पट्टी सुटेपर्यंत गावी पाठवायची सोय नाही, म्हणून तिच्या भाच्याने, पोचूने, तिला या लॉजवर आणून ठेवलं होतं. हलायचं नाही, वाकायचं नाही, पडून राहायचं. आबिदाबी तिला हाताला धरून न्यायची, आणायची, भात कालवून द्यायची. बाकी सारा दिवस ती डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून खणात पडलेली असे, आणि काळोखाचा कंटाळा आला की बोलत असे.

पेपर अकराला सुरू व्हायचा, दोनला सुटायचा. कांता तीनपर्यंत परतायची, आबिदाबीकडे चहा प्यायची आणि पाय आत घेऊन कडी लावायची. लगेच फळीवर टकटक व्हायची.

"कसा गेला व शीला?"

आणि कांता सांगायची. हिंदीत कायकाय आलं, इंग्रजीत पत्र कसं लिहिलं, बाजूच्या बाकावरची मुलगी पेपर पाहूनच कशी रडायला लागली. आपला आवाज सांगता सांगता हलका होतो, शेवटी जरा वर उचलला जातो, हे तिच्या लक्षात येई. सत्यशीला शाळेतून आली की चुलीपाशी बसून असंच सांगायची. तेव्हा कांता पोळ्या लाटता लाटता अर्धंच ऐकायची.

मग वाचन. शकुबाईला अक्षर येत नव्हतं. "मोठ्यानं वाच ना व. मले बी शिकू दे," ती म्हणाली, आणि कांता मोठ्याने वाचू लागली. विज्ञानात डोळ्याचा धडा निघाला. डोळ्यात एक भिंग असतं, ते धूसर झालं की दिसेनासं होतं.

"थांब थांब," शकुबाई म्हणाली. "म्हंजे डॉक्टरनं माया डोयातून तेच काढलं?"

"तेच. आता डॉक्टर चष्मा देईन."

"पाहा बरं! माया डोयातलं काढलं अन् मलेच कोनी सांगितलं नाई. पुस्तकात लिवून हाये म्हनते!" ती खूप वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "पुन्यांदा सांग. भिंग कुठी असते?"

कांताने पुन्हा सांगितलं. शकुबाईने तिच्याकडून सगळं तीनतीनदा वदवून घेतलं आणि विज्ञानाच्या पेपरात डोळ्याची आकृती कांताने न अडखळता काढली.

ते दिवस कांताला पुढे कधी नीट ओळीने आठवले नाहीत. कोणता पेपर आधी, कोणता नंतर, ते मिसळून गेलं. आठवायचे ते उन्हाचे ठिपके, फळीला टेकलेला गाल आणि पलीकडून "शीला" म्हणून येणारी हाक. पहिल्या दिवशी ती हाक काट्यासारखी लागली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी कांता ओ देऊ लागली, आणि ओ देताना आपलं वय काय, हे क्षणभर तिला खरोखर आठवत नसे.

आबिदाबीच्या रजिस्टरात 'कांता गुलाब निमगडे' अशी सही होती. चहा देता देता ती एकदा म्हणाली, "शकुबाई विचारत होती मले, पोरगी दिसते कशी म्हनून."

कांताचा हात थांबला.

"मी म्हनलं, चांगली हाये," आबिदाबी म्हणाली. "आगे तुमचं तुमी पाहा."

रविवारी पेपर नव्हता. दुपारी शकुबाईने विचारलं, "तुयी माय काय करते व?"

"होस्टेलात सैपाक करते. साठ पोरीइचा."

"बापा! तुयावर जीव हाये का तिचा?"

"हाये."

"मंग असं काऊन म्हनते, घशात अडकल्यावानी?"

बाहेर एक सायकल-रिक्षा घंटी वाजवत गेली.

"एक डाव मी मायले म्हनलं," ती हळूच म्हणाली, "हातपाय लय दुखून राह्यले. हाडं फुटतेत वाटते. तं ते म्हने, कामाच्या टायमालेच कसे दुखते तुये हातपाय? अन् भांडे घासाले बसवलं मले."

"मंग?"

"मी घासले. सारे घासले. काईच बोलली नाई."

"राग हाये का तुले तिचा?"

कांताने फळीवर तळहात ठेवला. हा प्रश्न मनात घेऊन ती दोन वर्षं रोज पहाटे चूल पेटवत होती आणि तो विचारायला कोणी नव्हतं. आता कोणीतरी विचारला होता, पण उत्तर जिला ठाऊक होतं तिचा फक्त आवाज तिने घेतला होता.

"मले नाई मालूम," ती म्हणाली.

पलीकडे शकुबाई कुशीवर वळल्याचा आवाज झाला. वळायची तिला मनाई होती.

"हे पाह्य शीला. हाडातलं दुखनं कोनाले दिसत नाई. मले तं समोरचा मानूस दिसत नोता. साठ पोरीइच्या भाकरी थापता थापता बाईले नसन समजलं. समजलं असतं तं भांडे फेकून दिले असते तिनं, तुले मांडीवर घेतलं असतं. हे तुले बी मालूम हाये, माय. नाई का?"

कांताने पदराचा बोळा तोंडात धरला. घरी सात माणसं, दोन खोल्या. वसतिगृहात साठ मुली. रडायला जागा कुठे होती? इथे कडी होती. ती रडली, पोट दुखेपर्यंत रडली.

"रड," पलीकडून शकुबाई म्हणाली. "परीक्षेचं भेव लागते पोरीइले. रड, मोकळी हो."

भूगोलाचा पेपर शेवटचा. त्याच दिवशी सकाळी शकुबाईची पट्टी सुटणार होती. पोचू तिला न्यायला आठलाच आला. "आल्यावर पायतो तुले!" ती जाता जाता फळीवर थाप मारून म्हणाली. कांता आत कडी लावून बसून होती. ते गेल्यावर ती उतरली, पिशवी भरली, आबिदाबीचा निरोप घेतला आणि पिशवीसकट परीक्षेला गेली. सुटल्यावर तशीच स्टँडवर आली. पोंभुर्ण्याची गाडी लागलेलीच होती. खिडकीची जागाही मिळाली.

पट्टी सुटलेली शकुबाई आता कोणाला शोधत असेल? आबिदाबी काय सांगेल? शीला गेली म्हणून? कांताला ते दोन शब्द ऐकू आल्यासारखे झाले. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा ती उठली. "उतरायचं हाये," म्हणाली, आणि बायकांच्या गुडघ्यांतून, टोपल्यांवरून वाट काढत खाली उतरली.

परीक्षेचा निकाल जूनमध्ये लागला. कांता पास झाली. गणितात काठावर, विज्ञानात बरी. गुणपत्रिका आली त्या संध्याकाळी गुलाबने ती वाचली, घडी घातली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मुलीचं नाव घेतलं. पण ते पुढचं.

त्या दुपारी कांता लॉजचा जिना चढून आली तेव्हा शकुबाई बोळातल्या बाकावर बसली होती. वाळकी, काळीसावळी, कपाळावर गोंदण. डोळ्यांवर जाड भिंगांचा तात्पुरता चष्मा आणि त्यामागे ओले, मोठेमोठे दिसणारे डोळे. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे ती तोंड पुढे काढून बघत होती. कांताकडेही तिने तसंच बघितलं आणि विचारलं,

"बाई, ते सत्यशीला दिसली का तुमाले? परीक्षेची पोरगी. पोचूले पुढे गाडीवर पाठवलं मी, जागा धराले. तिले पायल्याबिगर मी जात नाई म्हनलं."

"शकुमाय," कांता म्हणाली.

शकुबाईचं पुढे काढलेलं तोंड तसंच राहिलं. आवाज ओळखीचा आणि माणूस भलतंच. तिने चष्मा काढला, डोळे मिटले.

"पुन्यांदा बोल."

"मी कांता. तिची माय."

"अन् पोरगी?"

कांताने मान हलवली. मग समोरच्या बाईचे डोळे मिटलेले आहेत, हे तिच्या लक्षात आलं. बोलावंच लागणार होतं.

"नाई. दोन वर्स झाले. मेली ते."

हे वाक्य तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत होतं. उच्चारल्यावर ते बोळात तसंच राहिलं. खाली कोणीतरी केळी घ्या केळी म्हणून ओरडत होतं. आबिदाबी दारात आली आणि तशीच मागे फिरली.

"भांडे घासाले बसवलं ते..." शकुबाई म्हणाली.

"मीच."

शकुबाईने चष्मा परत लावला. रागावेल, असं कांताला वाटलं. रागवावं, असंही वाटलं. शकुबाई नुसती बाकावर सरकली आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर हाताने थोपटलं. कांता बसली नाही. पिशवी धरून उभीच राहिली.

"मले तं ते रोज दिसे," शकुबाई म्हणाली. "पट्टीतून. दोन वेन्या, निळा परकर. उंच का बुटकी, ते काई समजे नाई. किती उंच होती व?"

कांताने पिशवी खाली ठेवली. उजवा हात आडवा धरून आधी खांद्याशी नेला. मग थांबली. ते बाराव्या वर्षाचं माप होतं. हात वर गेला, कानापर्यंत, मग डोक्याच्याही वर, चार बोटं.

"मायाहून उंच झाली होती," ती म्हणाली.

हात तिने खाली घेतला नाही. शकुबाईने मान वर केली आणि जाड भिंगांतून, न हलता, त्या हाताखाली बघत राहिली.