चौकोनातला न

माणसाला कसली ना कसली खोड असते. कुणी तपकीर ओढतो, कुणी बोटं मोडतो. आमचे हे दुसऱ्यांच्या तोंडातले ‘ण’ तपासत. हसू नका. मला त्या अक्षराची अजून शिसारी येते, म्हणून सांगते आहे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. धरणं बांधायची, पूल बांधायचे, कारखाने काढायचे, त्यामुळे जो तो मुलाला इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला घालायला निघाला होता. आमच्याकडची मुलं मॅट्रिक होत, पण मुंबईच्या संस्थेत ड्रॉइंग बोर्डासमोर उभी राहिली की बावरत. म्हणून ह्यांनी आगाशीच्या आमच्या घरात, ओटीवर, तयारीचा वर्ग काढला. हे पूर्वी मुंबईत एका ऑफिसात नकाशे काढायच्या कामावर होते. पोटाच्या दुखण्यानं नोकरी सोडून केळीची वाडी बघायला परतले होते. वर्गाला नाव दिलं ‘पाया वर्ग’. येताना मास्तरांच्या पाया पडायचं, जाताना पाया पडायचं, असा नियम. त्यामुळे बाजारात त्याला ‘पाया पडायचा वर्ग’ म्हणू लागले. ह्यांच्या कानावर ते गेलं, तर राग यायचा सोडून ह्यांना बरंच वाटलं.

त्या वर्गात धर्मा होता. तिकडे पूर्वेला चांदीपच्या हरेश्वरचा मुलगा. खाडीकाठची भातशेतीवाली माणसं. त्यांच्या अख्ख्या घराण्यात मॅट्रिक झालेला हा पहिला. रोज येणं-जाणं जमणारं नव्हतं, म्हणून आमच्या पडवीत राहायचा. विहिरीचं पाणी काढायचा, केळीला आळी करायचा आणि उरलेल्या वेळात शिकायचा. ‘गुरुसेवा’ म्हणत हे त्याला. मी फुकटचा गडी म्हणत असे. पण पोराचा हात असा होता की त्यानं काढलेलं चित्र बघितलं की वस्तू समोर ठेवल्यासारखी वाटे. जीभ मात्र घरची होती. पानी, आनि, कोन.

पहिल्याच आठवड्यात ह्यांनी फळ्यावर आकृती काढून विचारलं, “धर्मा, हा आकार कोणता?”

“तिरकोन, मास्तर.”

फुटपट्टी हातावर बसली. “त्रिकोण! ण! ‘पानी’ पिणारे तुम्ही, आणि इंजिनिअर होणार?”

दिवसभर पोरगा केळीला पाणी घालता घालता ‘पाणी, कोण, त्रिकोण’ घोकत होता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुसरी आकृती काढली. धर्मा हौसेनं उठला आणि खणखणीत म्हणाला, “चौकोण!”

पुन्हा पट्टी. “चौकोन! न!”

धर्मा हात चोळत उभा राहिला. मग त्यानं विचारलं, “मास्तर, त्रिकोणाला ण आनि चौकोनाला न, असा का?”

मी आत तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि उत्तर ऐकायला दाराशी आले, कारण प्रश्न मलाही पडला होता. ह्यांना उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायला काय जातं? पण ह्यांनी ‘आनि, आनि’ म्हणून त्याची नक्कल केली आणि सगळ्या वर्गाला हसायला लावलं. हसली नाहीत त्यांना पुन्हा हसायला सांगितलं. नंदाखाल गावचा पीटर तेवढा मान खाली घालून पेन्सिल तासत बसला.

खरं सांगू? आम्ही वाडीवाले घरात जे बोलतो, ते मुंबईच्या माणसाला अर्धंसुद्धा कळत नाही. सासूबाई ह्यांच्याशी त्याच बोलीत भांडत आणि हे त्याच बोलीत उलट बोलत. ओटीवर आले की मात्र जिभेला इस्त्री. मी एकदा जेवताना म्हटलं, “अहो, पोराला कोन मोजता येतो ना? मग त्याला तो काही का म्हणेना.” हे म्हणाले, “तू भाकरी थाप.”

मी थापत राहिले, आणि धर्मा गप्प होत गेला. आधी तो शब्द उच्चारण्यापूर्वी अडखळायचा. मग बोटानं दाखवू लागला. फळ्याशी बोलावलं की आकृती काढायचा आणि मागे सरायचा. पुढे पुढे माझ्याशीही तसाच. एरवी “काकी, जरा आमटी” म्हणणारा पोरगा वाटी पुढे करून बसू लागला. ह्यांना वाटलं, वळण लागलं. मला ह्यांच्या तोंडाकडे बघवेना.

मे महिन्यात मुंबईच्या संस्थेचे एक पारशी साहेब मुलं पाहायला येणार, असं ठरलं. ते निवडतील त्यांनाच जूनमध्ये प्रवेश. हरेश्वरनं मुलाला बजावून ठेवलं होतं, या खेपेला जागा मिळाली तर शीक, नाहीतर पावसाळ्यात नांगराला हात लाव. दुसरी खेप नाही.

साहेब आले. घामानं भिजले होते, पण माणूस चांगला. खुर्चीवर टेकत म्हणाले, “मास्तर, आधी जरा पानी.”

आणि हे, माझे हे, ताठ उभे राहून म्हणाले, “पानी आनतो, साहेब! थंड पानी आनतो!”

मी तांब्या-भांडं घेऊन दारातच होते. ज्या अक्षरापायी पोराच्या हातावर वळ उठवले, ते साहेबाच्या तोंडातून आलं तर एवढं गोड लागलं! पुढे ह्यांचं सगळं ‘कोनता’ आणि ‘आनखी’ चाललं होतं. शी!

पीटरला साहेबांनी इंग्रजीत विचारलं. त्यानं मोडकंतोडकं का होईना, न लाजता सांगितलं. त्याचं काम झालं. मग धर्मा. साहेबांनी कौलारू घराचं एक लाकडी खेळणं पुढे ठेवलं आणि समोरून कसं दिसतं ते काढायला लावलं. धर्मानं काढलं. साहेब चष्मा वर करून कागदाकडे बघतच राहिले.

“फस्क्लास! आता हे काय काय काडला, ते मला बोलून सांग.”

खाली चौकोन, वर त्रिकोण. एवढंच सांगायचं होतं. धर्माचे ओठ हलले. त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. साहेबांनी पुन्हा विचारलं. पाठीवर हात ठेवला, थांबले. पोरगा घामानं निथळत होता आणि डावी मूठ उजव्या हातानं दाबून धरत होता.

“हात चांगला आहे, मास्तर,” साहेब शेवटी म्हणाले. “पन वर्कशॉपमधे मशीन चालू असते. जो ओरडत नाय, त्याच्या बाजूवाल्याचा हात जातो. मुका मानूस मी घेऊ शकत नाय.”

“बरोबर आनि योग्य, साहेब,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश्वर मुलाला न्यायला आला. खांद्यावर तांदळाचं गाठोडं होतं, ते त्यानं ह्यांच्या पायाशी ठेवलं.

“जागा नाय भेटली, त्याचा नशीब. पन पोरगा सुदारला, मास्तर. होलीला घरा आलेला, तं चार दिवस शब्द नाय काडला त्यानं. शिकलेला मानूस कमीच बोलतो. त्याची आय गावभर सांगत फिरते.”

हे हसले. “संस्कार लागतात, हरेश्वर.” आणि गाठोडं किती जड आहे ते पायानं चाचपून पाहिलं.

मी पदर खोचून पुढे झाले. “हरेश्वरभाऊ, तो सुधारला नाही. ह्यांनी मारून मारून त्याचं तोंड बंद केलंय. काल साहेबांनी त्याला घेतला असता.”

हरेश्वरनं माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “बायकांचं काय मनावर घ्यायचं?” आणि हरेश्वर हसला. ज्यानं त्याच्या मुलाचं वाटोळं केलं, त्याला बरं वाटावं म्हणून हसला. त्या हसण्याइतकी किळस मला ह्यांचीही कधी आली नव्हती.

धर्मा पायरीवर उभा होता. तो वर आला. ह्यांच्या पाया पडायला वाकतोय असं वाटून ह्यांनी पाय जरा पुढे केला. धर्मानं वाकून गाठोडं उचललं, खांद्यावर टाकलं आणि पायऱ्या उतरू लागला.

“आरं धरम्या, खय नेतस ते?” हरेश्वर ओरडला.

तो वळला नाही. पण बोलला, आणि शेजारच्या वाडीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला.

“घरा. तांदूल आपला हाय, बाबा. आपुन खाऊ.”