रोक्साना हरवली ती दुपार

"गिलावा करायचा राहिलाय की काय?" घरासमोर गाडी थांबल्यावर पप्पांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

प्रश्न चुकीचा नव्हता. घर म्हणजे कच्च्या सिमेंटचा एक लांबलचक ठोकळा होता. पाइनच्या झाडीत आडवा टाकलेला, भिंतींवर फळ्यांचे वळ तसेच ठेवलेले, आणि समुद्राकडची अख्खी बाजू काचेची. मार आसूल या समुद्रकाठच्या गावात हल्ली असलीच घरं बांधतात आणि मासिकांत त्यांचे फोटो छापून येतात. माझी भावजय हिसेला त्या फोटोंवर जीव टाकते. मला खरं तर मागच्या गल्लीतलं, उतरत्या छपराचं, साधं विटांचं घर घ्यायचं होतं. पण "असल्या कोंदट घरात मी आठवडा काढणार नाही," असं हिसेलानं आधीच सांगून टाकलं. ती नाही तर माझा भाऊ फाबियान नाही, आणि तो नाही तर या सुट्टीला काही अर्थच नव्हता. म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, हे लानूसमध्ये माझ्या पार्लरात येणारी कुठलीही बाई सांगेल.

"पप्पा, ही स्टाइल आहे," फाबियान डिकी उघडत म्हणाला.

"असेल बाबा," पप्पा म्हणाले. "पैसे संपले की सगळे असंच म्हणतात."

सगळे हसले. मी फाबियानकडे बघितलं. मनात म्हटलं, ऐक. डोक्यातून गेलेला माणूस असं बोलतो का?

पप्पांनी, म्हणजे ओस्वाल्दो फेरारींनी, जन्मभर लानूस ते राजधानी अशी बस चालवली. रस्त्यातला खड्डा न् खड्डा पाठ. आणि आता त्यांना झोपायच्या खोलीतून संडासाकडे जायचा रस्ता सापडत नव्हता. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच होते. सकाळी पार्लरातल्या खुर्चीत बसायचे, बायकांशी गप्पा मारायचे, एकच गोष्ट तीनतीनदा सांगायचे आणि बायका तीनतीनदा हसायच्या. पण मागच्या हिवाळ्यात ते दोनदा घराबाहेर निघून गेले आणि एकदा त्यांनी किटली तशीच गॅसवर ठेवली. तेव्हापासून फाबियाननं बँफील्डमधला एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. फेब्रुवारीत तिथे एक खाट रिकामी होणार होती.

नाताळच्या जेवणाच्या वेळी आम्ही यावरून कडाकडा भांडलो.

"रोक्सी, तू दमलीयस," तो म्हणाला.

"मी दमले की नाही ते माझं मी बघीन. वर्षातून चार वेळा तोंड दाखवणाऱ्यानं मला शिकवू नये."

"त्यांना आता काही कळत नाही गं."

"मला ओळखतात!" मी म्हटलं. "तुला विसरतात, तुझ्या पोरांना विसरतात, आई गेलीय हेसुद्धा विसरतात. मला नाही विसरत. एकदाही नाही."

तो म्हणाला, "बरं. मग असं ठरवू. ज्या दिवशी ते तुला ओळखणार नाहीत, त्या दिवशी बँफील्ड. मग मी तुझं काही ऐकणार नाही."

"चालेल," मी म्हटलं. असं काही होईल असं मला स्वप्नातही वाटत नव्हतं. वर आठवडाभर सगळ्यांनी समुद्रावर जायचं हे मीच काढलं. समुद्राच्या हवेनं त्यांना बरं वाटेल, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. डॉक्टर असं कधीच म्हणाले नव्हते. मीच म्हणत होते.

घरानं मात्र पहिल्या दिवसापासून आमच्याशी वैर धरलं. कपाटांना मुठी नव्हत्या, दाबलं की उघडायची. पप्पा हातात कप घेऊन भिंतीसमोर उभे राहायचे. दारं सगळी एकसारखी राखाडी, त्यामुळे ते एकदा पोरांच्या खोलीत शिरून खेळण्यांच्या टोपलीपाशी पँटची बटणं सोडायला लागले आणि फाबियानचा मुलगा तोबियास किंचाळत बाहेर आला. काचेवर त्यांचं नाक आपटलं. संध्याकाळी दिवे लागले की काचेत त्यांचंच प्रतिबिंब दिसायचं आणि ते अदबीनं मान झुकवायचे. "गृहस्थ उत्तर देत नाहीत," असं मला कानात सांगायचे. "मोठ्या घरचे दिसतात."

"आत्या, आजोबा वेडे झालेत का?" पाच वर्षांच्या मोरेनानं मला विचारलं.

"नाही गं. घर वेडं आहे," मी म्हटलं. हिसेलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

समुद्रावर मात्र ते वेगळेच असायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचे, चुर्रो, म्हणजे तळलेल्या गोड कांड्या, विकणाऱ्याची नक्कल करायचे, पोरांना वाळूची बस करून द्यायचे आणि तिकीट न काढणाऱ्याला खाली उतरवायचे. दर थोड्या वेळानं मला विचारायचे, "रोक्सी, पाणी गार आहे ना?" मी हो म्हणायचे. ते पुन्हा विचारायचे. त्यांनी रोक्सी म्हटलं की दर वेळी मी मान वळवून फाबियानकडे बघायचे. तो दुसरीकडे बघत मातेच्या भांड्यात गरम पाणी ओतत राहायचा. आम्ही दिवसभर पितो तो मातेचा काढा, आणि तो करण्यात माझ्या भावाइतका कुचकामी माणूस अर्जेंटिनात नसेल.

गुरुवारी वारा समुद्राकडून होता, म्हणून आम्ही घराच्या मागे झाडांच्या बाजूला मांस भाजायला बसलो. जेवण छान झालं. पप्पांनी दोनदा मागून घेतलं आणि फाबियानला म्हणाले, "जळलंय जरा, पण तुझ्या आईपेक्षा बरं." मग त्यांना पेंग यायला लागली. मी त्यांना खोलीत नेऊन झोपवलं, पायांवर पांघरूण घातलं. त्यांनी माझा हात धरला.

"रोक्सी, तूही पड जरा. दिवसभर उभीच असतेस."

मी बाहेर आले तेव्हा माझा चेहरा फुलला असणार, कारण हिसेलानं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, "खरंच, मला वाटलं होतं त्यापेक्षा ते खूपच बरे आहेत." हिसेलाच्या तोंडून हे ऐकून मला तिला मिठी मारावीशी वाटली. तिच्या राखाडी घरासकट मी तिला त्या क्षणी माफ केलं.

फाबियान निखारे खालीवर करत होता. तो म्हणाला, "मी बँफील्डला फोन करतो. सांगतो, आम्हाला एवढ्यात खाट नको."

मी त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या डोक्यावर एक टपली मारली, लहानपणी मारायचे तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्याला दिसू नये म्हणून मी धुराला नावं ठेवली.

तेवढ्यात किनाऱ्याकडून टाळ्या ऐकू आल्या.

आमच्याकडे किनाऱ्यावर टाळ्या वाजल्या की प्रत्येक आई आधी आपली पोरं मोजते. एखादं पोर हरवलेलं सापडलं की कुणीतरी त्याला खांद्यावर घेतो आणि टाळ्या वाजवत चालू लागतो. छत्रीछत्रीखालची माणसं टाळ्यांत सामील होतात, आणि त्या टाळ्या पोराबरोबर किनाऱ्यावरून पुढे पुढे सरकतात, त्याची आई धावत येईपर्यंत. हिसेला ताडकन उठली. मोरेना झुल्यात होती. तोबियास काडीनं मुंग्यांच्या वारुळात खोदत होता.

"आपली दोन्ही आहेत," ती म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"कुणाचं तरी बिचारं," मी म्हटलं. फाबियाननं चिमट्यावर चिमटा आपटून लांबूनच साथ दिली. मोरेनानं झुल्यात बसल्याबसल्या टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, रीत म्हणून.

पण त्या टाळ्या पुढे सरकेनात. एकाच जागी वाजत राहिल्या, आमच्या घराच्या बरोबर समोर. विरायच्या आणि पुन्हा जोरात सुरू व्हायच्या. मी आत जाऊन बघितलं. पांघरूण जमिनीवर पडलेलं, काच पूर्ण सरकवलेली, आणि पडदा वाऱ्यानं खोलीभर उडत होता. मी तशीच अनवाणी धावत सुटले.

घोळका पाण्याच्या कडेला होता. मधोमध पप्पा उभे होते, बनियन आणि दुमडलेल्या पँटवर. सगळ्यांत जोरात टाळ्या तेच वाजवत होते. तळवे लालभडक झाले होते.

"थांबू नका!" ते लोकांना ओरडून सांगत होते. "थांबू नका, ऐकून येईल ती!"

"आजोबा, पोहायचा पोशाख कुठल्या रंगाचा होता?" एक बाई विचारत होती.

"पिवळा. पुढचा दात पडलाय. सहा वर्षांची आहे. रोक्साना नाव. मी फक्त चुर्रो घ्यायला वळलो होतो हो, एवढंच, फक्त वळलो होतो."

मला सगळं लख्ख आठवलं. सान क्लेमेन्तेचा किनारा, बसवाल्यांच्या युनियनची सुट्टी, आणि कुण्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर बसून रडणारी मी. पप्पा गर्दीतून टाळ्या वाजवत धावत आले होते. मी त्यांच्या कडेवर गेल्यावरही त्यांचे हात थांबत नव्हते. ते किती घाबरले असतील, हे मला इतक्या वर्षांनी, या किनाऱ्यावर, त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. जीवरक्षक शिट्ट्या फुंकत होते, दोघं लाटांत शिरलेही होते. मला शोधायला.

मी पुढे झाले. "पप्पा, मी आले. हे बघा, मी रोक्साना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"बाई, माझी थट्टा करू नका," ते म्हणाले. "माझी मुलगी लहान आहे."

"पप्पा, मीच ती. मोठी झाले ना मी. बघा ना माझ्याकडे." मी त्यांचे हात धरले. त्यांनी जोरात हिसडा दिला.

"सोडा! हात सोडा माझे! टाळ्या कशा वाजवू मग?"

आणि ते रडायला लागले, लहान मूल रडतं तसे, तोंड उघडं टाकून. लोकांच्या एव्हाना लक्षात आलं होतं. एकेकाचे हात खाली गेले. टाळ्या थांबल्या तसे पप्पा वेड्यासारखे एकेकाकडे धावले. "का थांबलात? सापडली का? मग का थांबलात?"

"वाजवा," मी लोकांना म्हटलं. "वाजवा हो, कृपा करा." आणि मी टाळ्या वाजवायला लागले.

मागून फाबियान आला, कडेवर मोरेना. त्याला सांगावं लागलं नाही. "पप्पा" अशी हाक त्यानं मारली, पण पप्पांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची नजर पाण्यावर होती, आणि ते पाण्याकडे चालायला लागले होते. मी मोरेनाच्या जवळ गेले.

"मोरेना, आजोबा आता तुला रोक्साना म्हणतील. चालेल ना?"

"ते तर तुझं नाव आहे."

"आज तू घे."

"रोक्सी, नको," फाबियान म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "नको करूस असं. पुन्हा एकदा सांग त्यांना. मी काही पाहिलं नाही. खरंच, मी काही पाहिलं नाही."

"खांद्यावर घे तिला," मी म्हटलं.

त्यानं घेतलं. लोकांनी वाट करून दिली आणि टाळ्या एकदम वाढल्या. पप्पांनी वळून पाहिलं. फाबियाननं मोरेनाला खाली उतरवलं. वाळूत बसून त्यांनी पोरीला छातीशी धरलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं. "कुठे गेली होतीस गं? कुठे गेली होतीस? बापाला मारशील तू एक दिवस."

मोरेनानं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "इथेच होते, पप्पा."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

टाळ्या थांबल्या. लोक आपापल्या छत्र्यांकडे परतायला लागले, काही बायका डोळे पुसत होत्या. "बँफील्डला सांग," मी फाबियानला म्हटलं, "खाट हवीय म्हणावं." त्यानं तोंड दोन्ही हातांत झाकलं. मला त्याच्याजवळ जायचं होतं, पण पाय उचलेना. मी तिथेच उभी राहून हमसाहमशी रडले.

पप्पा उठले. मोरेनाचा हात घट्ट धरून माझ्यासमोर आले. चेहरा एकदम शांत झाला होता, त्यांचा जुना, सगळ्यांना आपलं म्हणणारा चेहरा.

"बाई, तुम्ही शेवटपर्यंत वाजवत होतात. मी पाहिलं. फार उपकार झाले." मग ते थांबले. "तुम्ही का रडताय? तुमचंही कुणी हरवलंय का?"

"हो," मी म्हटलं. "माझे वडील."

"अरेरे. म्हातारे आहेत?"

"हो."

"घाबरू नका. मिळतील. नाव काय त्यांचं?"

"ओस्वाल्दो."

पप्पांनी मोरेनाला आपल्या पायाशी उभं केलं, पांगणाऱ्या लोकांना हात करून परत बोलावलं आणि किनाऱ्याकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "ओस्वाल्दोऽऽ!" मग त्या लाल झालेल्या हातांनी ते माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागले.