इस्त्रीचा दिवा विझला की शिवायचं

मित्रांनो, जगाचा भार आपल्याच खांद्यांवर आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतील. खरा भार माझ्यावर आहे. अर्थात मला खांदे नाहीत. मी एक जुना एक्स्टेंशन बोर्ड आहे. चार सॉकेट, एक बटण आणि उंदराने चाखून नापसंत केलेली वायर.

कारखान्यात माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलं होतं, की यावर इस्त्री लावू नये. ते आजवर कुणी वाचलेलं नाही. पाठ भिंतीकडे असते ना.

मला शिलाईवाल्या ताईंनी आपल्या मशीनच्या मोटरसाठी घेतलं. मग शेजारचे इस्त्रीवाले भाऊ आले. "ताई, आमचा प्लग जळलाय. दोनच दिवस हं."

"लावा की, त्यात काय!" ताई म्हणाल्या. त्या दोन दिवसांना पुढे दाढीमिश्या फुटल्या.

इस्त्री तापू लागली की माझ्या वायरीत जीव उरत नसे आणि ताईंचं मशीन कुंथत चाले. भाऊंना सांगायचं सोडून ताईंनी वेगळाच तोडगा काढला. इस्त्रीचा लाल दिवा विझला की शिवायचं, पेटला की हात मांडीवर ठेवून बसायचं. एक शिवण, एक सुस्कारा. उरलेल्या सॉकेटांत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन. "किती चांगल्या हो तुम्ही!" असं सगळे म्हणत. पण कौतुकाने कुणाची वायर गार होत नाही, मित्रांनो.

ताईंच्या लेकीची पहिल्या नोकरीची मुलाखत होती. तिचा ड्रेस गिऱ्हाइकांच्या कपड्यांखाली कधीचा कापून पडलेला. आदल्या संध्याकाळी एकच बाही लागली होती.

"आई, तू त्या दिव्याकडे बघत बसलीस तर मी उद्या एका बाहीनिशी जाईन."

"अगं, भाऊंना वाईट वाटेल."

"आणि मला?"

लाल दिवा पेटलेला असतानाच ताईंनी मशीन सुरू केलं. मला दोन्ही झेपेना. मी वितळलो. जळका वास सुटला, इस्त्रीही थंड, मशीनही थंड.

वायरमनकाका आले. मला उघडून त्यांनी हुंगलं. "ताई, हा बोर्ड आहे की धर्मशाळा? वाचलाय कसाबसा. एक सॉकेट ठेवतो, बाकीची बंद."

"पण कुणी मागितलं तर?"

"नाही म्हणायचं."

"आणि कारण काय सांगू?"

"काही नाही. कारण दिलं की लोक त्याच्यावर उपाय घेऊन येतात."

तेवढ्यात भाऊ इस्त्री घेऊन दारात. ताईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "भाऊ, आता नाही. यापुढेही नाही."

मी जीव मुठीत धरला. मूठ नसताना धरला. आता आभाळ कोसळणार!

भाऊ म्हणाले, "बरं." आणि समोरच्या सलूनमध्ये गेले.

एवढंच. इतक्या वर्षांची भीती एका 'बरं'मध्ये आटोपली. खरं सांगायचं तर मला जरा अपमानच वाटला.

दुसरी बाही एका दमात लागली. मध्ये एकदा ताई सवयीने थांबल्या, पण बघायला दिवाच नव्हता. "आई, चालव ना!" लेक म्हणाली, आणि ताई हसल्या.

सलूनमधला बोर्ड नवा आहे. येईल त्याला 'या, या' करतो. त्याला काय सांगणार? मित्रांनो, आपल्याला किती झेपतं हे पाठीवर छापून भागत नाही, तोंडाने सांगावं लागतं. यावर मोठा उपदेश करायचा होता, पण दमलोय हो फार. एवढंच करा. जाताना माझं बटण तेवढं बंद करा.